बोरीखाली बूट काढणारे परब

परबांची आणि माझी ओळख झाली ती लिंबाच्या लोणच्याच्या एका फोडीवरून. दम्मामच्या बाहेर आमच्या कंपनीचा कॅम्प होता, पत्र्याच्या खोल्यांचा. मी आदल्याच दिवशी विमानातून उतरलो होतो. मेसमध्ये पांढऱ्या पडलेल्या डाळीपुढे बसलो, तर शेजारच्या माणसासमोर लोणच्याची बरणी. तो कुणाशी तरी मालवणीत बोलत होता. आपलाच माणूस, असं समजून मी बरणीत चमचा घातला.

"इचारलंस?" तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. माझा चमचा तसाच बरणीत धरून त्यानं पुन्हा विचारलं, "बरणी कोणाची?"

"तुमची."

"मगे इचार."

सगळं टेबल आमच्याकडे बघत होतं. चोवीस वर्षांचा मी, ड्राफ्ट्समनची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला, आणि एका फोडीसाठी मला चारचौघांत परवानगी मागावी लागली. "घेऊ का?" मी कसंबसं म्हणालो. त्याबरोबर परबांनी अख्खी बरणी माझ्याकडे सरकवली. "घे. सगळी घे. पुण्याचो दिसतंस."

मी फलटणचा. पण घाट चढून वर गेलं की परबांच्या लेखी पुढे सगळं पुणंच. शेवटपर्यंत त्यांनी मला पुणेकरच म्हटलं आणि मीही दुरुस्ती करायचं सोडून दिलं.

सोनू परब वेंगुर्ल्याच्या बाजूचे. बुटके, काळेभोर, मनगटं माझ्या पोटरीएवढी. डोक्याला कायम ओला पंचा. बुलडोझर चालवायचे, आणि असे चालवायचे की कॅम्पातले इतर ऑपरेटर काम टाकून बघत उभे राहत. त्या वर्षांत तेलाचे भाव वर गेले होते आणि सगळ्या देशालाच घाई सुटली होती. बंदरात जहाजं महिनोन्महिने ताटकळत, सिमेंट पोत्यातल्या पोत्यात दगड होऊन जाई, आणि तरी रोज नवीन माणसं, नवीन यंत्रं उतरत. ज्याला त्याला यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आवरा. या सगळ्या गडबडीत परब तेवढे सावकाश असायचे. यंत्रावर चढण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, खाली वाकून बघायचे. कुत्रं झोपलेलं असेल तर उठवायचे. सरडा असेल तर थांबायचे.

त्यांनी कुणालाही साहेब म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमचे प्रोजेक्ट इंजिनिअर दीक्षित, पुण्याचे, खऱ्याखुऱ्या पुण्याचे. त्यांना आम्ही सगळे दीक्षितसाहेब म्हणायचो. परब 'दीक्षितानू' म्हणायचे, अगदी आदरानं, पण साहेब नाही. दीक्षितसाहेबांना ते खुपायचं. एकदा त्यांनी मला विचारलंही, "हा माणूस उद्धट आहे की अडाणी?" त्याचं उत्तर मला आज सुचतं, पण आज विचारणारे नाहीत.

त्यांची एक सवय मला पहिल्यांदा फार हास्यास्पद वाटली होती. चहाचं उरलेलं गरम पाणी वाळूवर ओतायचं असलं की आधी म्हणायचे, "बाजूक सरा रे, गरम पाणी हा." मगच ओतायचे. मी म्हटलं, "परबदादा, हे कोणाला सांगता?"

"जो कोण आसतलो तेका."

"आणि कोणीच नसलं तर?"

"नसलो तर माझा काय गेला? तोंडातली वाफ."

देवभोळे म्हणावं तर तसेही नव्हते. कॅम्पात कुणी चोरूनमारून आरती म्हणायला जमले तरी हे कोपऱ्यात विडी ओढत बसायचे. नवस नाही, उपास नाही, गळ्यात ताईत नाही. विचारलं तर म्हणायचे, "माझा आनि देवाचा जास्ती बोलणा नाय." मग गरम पाण्याची सूचना कशासाठी, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमची एक तुकडी पाइपलाइनची आखणी करायला आत वाळवंटात गेली. कॅम्पपासून दीड दिवसाचा रस्ता, म्हणजे रस्ता नाहीच, म्हणून तर परबांचा डोझर बरोबर. माणसं कमी होती म्हणून मला ड्रॉइंगच्या टेबलावरून उठवून सर्व्हेच्या लेव्हलवर, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीवर, उभं केलं. वाट दाखवायला कंपनीनं तिथलाच एक बदू, वाळवंटातल्या भटक्या टोळीतला माणूस, घेतला होता, अबू मुतलक. साठीच्या पुढचा, हडकुळा, एका डोळ्यात फूल पडलेलं. पाणी कुठं आहे, चाकं कुठं रुततील, हे त्या एका डोळ्यानं तो आमच्या नकाशांपेक्षा चांगलं वाचायचा.

पहिल्याच संध्याकाळी शेकोटीपाशी अबू मुतलकनं किटलीतलं पाणी फेकण्याआधी वाळूकडे बघून काहीतरी पुटपुटलं. "दस्तूर" एवढा एकच शब्द मला कळला. परब ताडकन उठून त्याच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. जवळ असलेली चाळीस-पन्नास अरबी शब्दांची पुंजी आणि बाकी हातवारे, असं अर्धा तास चाललं. परत आले ते एकदम खुशीत.

"पुणेकर, ह्यो आमचोच माणूस रे! जागेत जो ऱ्हवता तेका ह्यो पण इचारता. मगेच पाणी ओतता."

त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण संध्याकाळी खजूर आणि कडू कॉफी घेऊन दोघं तासन् तास बसत. मधेच एखादा हसे. कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पाचव्या दिवशी आखणी करत करत आम्ही त्या बोरीपाशी पोचलो.

सपाट, दगडगोट्यांच्या मुलखात एकच एक झाड. तिकडे त्याला सिद्र म्हणतात, पण पानं बघताच परब म्हणाले, "अरे, ही तर बोर!" बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. शेजारी दगडांनी बांधलेली विहीर आणि उंटांना पाणी पाजायची चर. आजूबाजूला गवत, तेही खरंखुरं हिरवं, आणि त्या गवताला एकही दात लागलेला नाही. मला सगळ्यात नवल वाटलं ते फांद्यांना टांगलेल्या वस्तूंचं. गुंडाळलेले तंबू, एक खोगीर, तांब्याची भांडी, शिवलेलं एक पोतं. कुलूप नाही, राखण नाही.

अबू मुतलकनं गाड्या लांबच थांबवायला लावल्या. परबांनी तासभर हातवारे करून त्याच्याकडून समजून घेऊन आम्हाला सांगितलं ते असं. ही त्याच्या टोळीची जागा. पणजोबाच्या पणजोबापासूनची. इथे गाडी किंवा जनावर घेऊन शिरायचं नाही, पायी जायचं, पायताण बाहेर. झाडाची ओलीच काय, वाळकी काटकीसुद्धा मोडायची नाही. गवत अवर्षणाच्या वर्षीच चारायचं, तेही सगळ्यांनी मिळून ठरवल्यावर. स्वतः पाणी पिण्याआधी चर भरायची, कारण मागून येणाऱ्या जनावराला दोर ओढता येत नाही. फांदीला टांगलेली वस्तू वर्षानं परत आलं तरी जागच्या जागी मिळते. आणि तिथं राहणारे काहीजण आहेत, जे दिसत नाहीत. आत जाताना त्यांना दस्तूर, म्हणजे येऊ का, म्हणायचं. झाडाची पूजा कोणी करत नव्हतं हेही सांगायला हवं. अबू मुतलक पाच वेळा नमाज पढणारा माणूस, तोही झाडाकडे तोंड करून नव्हे. फक्त ज्याच्या घरात जातो त्याला तो विचारत होता.

हे सगळं मी ऐकलं. मान डोलवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे केलं ते आमच्या धंद्यातला कुठलाही शिकलेला माणूस डोळे मिटून करील. उंची मोजताना एक पक्की खूण लागते, न हलणारी. उघड्या माळावर जुन्या झाडाच्या मुळासारखी खूण नाही. मी बूट घालून आत गेलो, जमिनीवर आलेल्या एका जाड मुळात चार इंची खिळा ठोकला, भोवती लाल रंगाचा गोल काढला आणि वहीत नोंद केली. पुस्तकात सांगितल्यासारखं सुरेख काम.

मागे वळलो तर अबू मुतलक उभा होता. तो ओरडला नाही. नुसतं खिळ्याकडे बघितलं, जाऊन आपली कॉफीची भांडी गोळा केली आणि आमच्या तंबूंपासून लांब, आमच्याकडे पाठ करून बसला. दुपारी जेवला नाही. कुणी जवळ गेलं तर एकच शब्द, "खलास."

परब डोझरवरून उतरून आले.

"ह्या काय केलंस?"

"बेंचमार्क आहे, दादा. सगळीकडे करतात."

"इचारलंस?"

"कोणाला? झाडाला?"

मी हे चढ्या आवाजात म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते. परब मात्र चढले नाहीत. "झाडाक कित्याक? झाड जेंचा तेंका," ते म्हणाले. "काल तेणा सगळा सांगल्यान. तू कान उघडे ठेवन ऐकलंस आनि आज खिळो मारलंस. मगे ऐकलंस कित्याक?"

त्यांनी स्वतः बूट काढले, मला काढायला लावले. जाताना अबू मुतलकला हाक मारून बरोबर घेतलं. आत पाऊल टाकताना परब खणखणीत आवाजात "दस्तूर" म्हणाले आणि माझ्याकडे बघत थांबले. मीही म्हणालो. पक्कड लावून त्यांनी खिळा इतका हळूहळू काढला की काटा काढताना आईसुद्धा इतका हळू काढत नसेल. रंग ओल्या फडक्यानं पुसला. मग मला विहिरीवर उभं केलं आणि म्हणाले, "भर."

ती चर भरायला किती पोहरे लागतात ते मला त्या दिवशी कळलं. तळहाताला फोड आले, फुटले. परब आणि अबू मुतलक दगडावर बसून बघत होते. एकानंही पुरे म्हटलं नाही. चर काठोकाठ भरली तेव्हा अबू मुतलक उठला, माझे हात उलटसुलट करून बघितले आणि जाऊन कॉफी चढवली. पहिला पेला मला दिला. मी रडलो. उगाच दुसरं काही कारण सांगत नाही.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवड्यानं दीक्षितसाहेब आले. ड्रॉइंग बॉनेटवर पसरलं. पाइपलाइनची मधली रेघ बरोबर बोरीच्या बुंध्यातून जात होती आणि विहीर भरावाखाली.

"एक झाड आहे," दीक्षितसाहेब म्हणाले. "परब, उद्यापर्यंत साफ करा."

परब डोझरवर चढले. गाड्या थांबवल्या होत्या त्या ओळीपर्यंत आले. तिथं त्यांनी पातं जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. इतकी शांतता झाली की लोखंड थंड होताना कडकड वाजतंय ते ऐकू येत होतं.

"दीक्षितानू, मी हयसून फुडे जाऊचंय नाय."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीन बरा आसा."

दीक्षितसाहेबांना कारण कळल्यावर ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. हुशार, प्रामाणिक, दिवसरात्र राबणारा. पण काही माणसांना स्वतःला कळत नाही ते सगळं खुळचटपणात जमा करायची सवय असते. "अहो परब, आपण विसाव्या शतकात आहोत. तुम्ही अजून भुताखेतांत?"

"माझो भुतार इश्वास नाय," परब म्हणाले. "मी भूत बघूक नाय. थय कोण आसा की नाय, माका ठावक नाय. पन घर कोणाचा, ता माका ठावक आसा."

"सरकारची जमीन आहे ही. परवाना आहे आपल्याकडे."

"परवानो तुमका सरकारान दिल्यान. ह्येंका कोणी इचारूक नाय."

"मी तुमच्याशी वाद घालायला आलेलो नाही."

"मी पण नाय. एक सांगतंय. तुमच्या टेबलार तुमच्या वडलांचो फोटो आसा. तेच्या फुडे तुमी कोणाक चायचो कप ठेवूक देनास नाय. तो कागद आसा, वडील न्हय. माझे तर ते कोणच न्हय. तरी मी कधी थय कप ठेवलंय?"

दीक्षितसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटतं त्यांना ते पटलंही होतं, आणि नेमकं त्यामुळेच राग आला होता. सगळ्या माणसांदेखत ते म्हणाले, "परब, हा हुकूम आहे. मोडलात तर एक्झिट लागेल."

एक्झिट म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफीलच्या, आम्हाला आणणाऱ्या मालकाच्या, नावावर. शिक्का बसला की पहिल्या विमानानं घरी. आणि घरी परबांचं घरच नव्हतं. बायको आणि दोन मुली भावाच्या पडवीत राहत होत्या, भावजयीची बोलणी खात. वेंगुर्ल्याला चिऱ्यांचं बांधकाम निघालं होतं, भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. छप्पर चढल्याशिवाय परतायचं नाही, असं ते स्वतःच मला म्हणाले होते. अजून दहा महिने हवे होते, फक्त दहा.

परब यंत्राच्या सावलीत बसले आणि विडी पेटवली.

दुसरा ऑपरेटर यायला तीन दिवस लागणार होते. पहिल्याच दिवशी अबू मुतलकनं सांगून टाकलं की झाडाला हात लागला तर तो निघाला, पुढचं पाणी तुमचं तुम्ही शोधा. मी ते तीन दिवस आखणी नव्यानं केली. कुणी सांगितलं नव्हतं. रेघ थोडी अलीकडे वळवली, बोरीला आणि विहिरीला मोठा वळसा घालून पलीकडे पुन्हा जुन्या रेघेला मिळवली. दोन हलके कोन वाढले, बाकी काही नाही. कागद घेऊन दीक्षितसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी आकडे तपासले. पुन्हा तपासले. बराच वेळ लांब बसलेल्या अबू मुतलककडे बघितलं. शेवटी कोपऱ्यात लिहिलं, 'जमीन मऊ असल्यानं रेघ बदलली', आणि सही केली.

जमीन चांगली टणक होती. मी कागद गुंडाळला.

झाड वाचलं. मला वाटलं परबही वाचले. पण हुकूम सगळ्यांसमोर दिला होता आणि सगळ्यांसमोर मोडला होता. दम्मामच्या कॅम्पात परतल्यावर दीक्षितसाहेबांनी मला एक पत्र इंग्रजीत टाइप करायला सांगितलं, दोन वाक्यांचं. परबांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर एका बाजूला ते पत्र, दुसऱ्या बाजूला एक्झिटचा फॉर्म.

"परब, मला तुम्हाला घालवायचं नाही," ते खरोखर मऊ आवाजात म्हणाले. "सही करा आणि उद्यापासून मशीनवर जा. विषय संपला."

"पुणेकर, काय लिवलला आसा ता वाच."

मी मराठीत सांगितलं. पहिलं वाक्य, मी वरिष्ठांचा हुकूम मोडला. दुसरं वाक्य, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

परबांनी पंचा काढून तोंड पुसलं. मी त्यांच्या कानाशी लागलो. दादा, नुसती सही आहे. कोण वाचतंय हे? झाड उभं आहे ना? घराचा विचार करा, पोरींचा करा. मी अक्षरशः हात जोडले.

"चूक झाली ती खय झाली? बोरीखाली," ते मला म्हणाले. "थय माफी मागून इलंव आमी दोघा. हयसर माझी चूक खयची, ती दाखय."



त्यांनी पेन उचललं. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "हुकूम मोडलंय, ता खरा आसा. तेची सही करतंय. ता दुसरा वाक्य खोड. ता खोटा आसा."

मी दीक्षितसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. उरलेल्या एका वाक्याखाली परबांनी सावकाश, टपोऱ्या मराठी अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, सोनू विठोबा परब. मग दुसरा कागद स्वतःच जवळ ओढला आणि एक्झिटवरही तेवढीच टपोरी सही केली.

दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, आता तरी मन बदललं.

"दीक्षितानू, त्या पयल्या कागदाची एक कॉपी माका व्हयी."

"ती कशाला?" दीक्षितसाहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"घरकारीण इचारतली, घर अर्धा टाकून कित्याक इलास? तिका दाखवतलंय. ह्याच्यात लिवलला आसा."

मी कॉपी काढून आणली. त्यांनी ती नीट चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरचं बटण लावलं आणि विमानतळाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.